फटींचा हिशेब

जुनं इंजिन उघडून टेबलावर मांडलं की नजर आधी धातूवर जाते. क्रँक, कनेक्टिंग रॉड, पिस्टन, व्हॉल्व्ह, ते उघडणारा कॅम. पण इंजिन चालतं ते या सगळ्यांमधल्या रिकाम्या जागांवर. पिस्टन आणि सिलिंडरमधली फट, रिंगच्या दोन टोकांमधली फट, व्हॉल्व्हची दांडी आणि गाईडमधली, टॅपेटची, पॉइंटची, प्लगची. यातली एखादी वाढली की ताकद तिथून गळते, एखादी कमी पडली की धातू धातूला धरतो. अश्वशक्ती वाढवायची म्हणजे नवे भाग घालायचे, असा समज आहे. भाग लागतातच. पण कामाचा मोठा वाटा या फटी मोजण्यात आणि ठरवण्यात जातो, आणि तोच टाळला की उत्तमातला कॅमही वाया जातो.

हिशेबाला एक नमुना घेऊ: ३५० ची जुनी बुलेट. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ७० मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ९० मिमी, क्षमता ३४६ सीसी, कागदावर ५,६२५ आरपीएमला १८ अश्वशक्ती. न्यूटन-मीटरमधला टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, आरपीएमने गुणून ७,१२१ ने भागला की अश्वशक्ती येते, म्हणजे त्या वेगाला हे इंजिन जेमतेम २३ न्यूटन-मीटर ओढतं. आकडा वाढवायचे रस्ते दोनच. प्रत्येक स्फोटात जोर वाढवा, नाहीतर मिनिटाला होणारे स्फोट वाढवा. दुसरा रस्ता सगळ्यांना आवडतो, कारण त्याचा आवाज येतो. जुन्या लांब स्ट्रोकच्या इंजिनाला मात्र पहिलाच मानवतो.

त्याआधी एक प्रश्न विचारायला हवा: कागदावरच्या १८ पैकी आज किती शिल्लक आहेत? इंजिन खोलण्याआधी ते मोजून घ्यावं, कारण एकदा खोललं की हा पुरावा गेला. थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून कॉम्प्रेशन गेजवर किका मारायच्या. मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजायचं. आकडा चढला तर गळती रिंगांतून आहे, जागेवरच राहिला तर व्हॉल्व्हमधून. याहून नेमकी चाचणी म्हणजे लीक-डाउन. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीला, म्हणजे धावेच्या सगळ्यांत वरच्या टोकाला, आणायचा, गिअर टाकून मागचा ब्रेक दाबून ठेवायचा, प्लगच्या भोकातून हवा भरायची आणि कान लावायचा. कार्ब्युरेटरमधून फुसफुस आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट, ब्रीदरच्या (क्रँककेसमधली हवा बाहेर सोडणाऱ्या) नळीतून आली तर रिंगा. १० टक्क्यांपर्यंतची गळती चालून जाते. २५ टक्क्यांच्या पुढे गेली असेल तर ताकद वाढवण्याच्या गप्पा थांबवून हरवलेली ताकद आधी परत आणावी. बऱ्याच जणांना जी ‘ट्यूनिंगची कमाल’ वाटते, ती निव्वळ ही वसुली असते.

खालच्या अर्ध्यापासून सुरुवात करायची, कारण वर वाढवलेला प्रत्येक न्यूटन शेवटी बिग एंडवर, म्हणजे रॉडच्या क्रँककडच्या टोकावर, येऊन आदळतो. पिस्टनला वर-खाली थांबवण्या-पळवण्यासाठी लागणारा जोर आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ५,५०० ऐवजी ६,५०० फिरवलं तर वेग १८ टक्क्यांनी वाढतो, पण रॉड आणि क्रँकपिनवरचा ताण ४० टक्क्यांनी. ९० मिमी स्ट्रोकचा पिस्टन ५,६२५ ला सरासरी सेकंदाला १७ मीटर धावतो, ६,५०० ला साडेएकोणीस. बिडाच्या बॅरलमध्ये, जुन्या ऑइल पंपाच्या भरवशावर, हे अंतर कागदावर दिसतं तितकं लहान नाही.

बिग एंड तपासताना रॉड सरळ वर ओढून खाली दाबायचा. वर-खाली जराही खडखड जाणवली की तो गेला. आडवी हालचाल थोडी असतेच, तिला घाबरू नये. जुन्या बुलेटच्या बिग एंडला फ्लोटिंग बुश असतो. जोरात चालवायच्या इंजिनात पुष्कळ जण त्या जागी रोलर बेअरिंगचा रॉड घालतात, आणि ते योग्यच आहे. क्रँक दाबून जोडलेला असला तर पिन बदलल्यावर दोन्ही चाकं एका रेषेत आणणं हे खरं कौशल्याचं काम. क्रँक सेंटरवर धरून दोन्ही शाफ्टवर डायल गेज लावायचे, तांब्याच्या हातोड्याने ठोकत सरळ करायचं. ०.०५ मिमीच्या आत डगमग आली तर चालतं, ०.०२५ च्या आत आली तर मन शांत राहतं. नव्या पिस्टनचं वजन जुन्यापेक्षा बरंच वेगळं निघालं तर क्रँकचं बॅलन्सही बदलतं, आणि मग हँडलला मुंग्या का येतात याचं उत्तर लोक इंजिनाच्या माउंटिंगमध्ये शोधत बसतात. दोन्ही पिस्टन पिन, रिंगा आणि सर्क्लिपसकट तराजूत टाकायला पाच मिनिटं लागतात.

केसमध्ये मेन बेअरिंग ठोकून बसवू नये. केस १०० ते १२० अंशांपर्यंत तापवायची, पाण्याचा थेंब टाकला की चरचरत नाचायला हवा. बेअरिंग रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवलेलं असलं तर आपल्या वजनानंच घरात पडतं. क्लिअरन्स सी३, म्हणजे नेहमीपेक्षा जरा मोकळा, घ्यावा. ॲल्युमिनियमची घट्ट केस बेअरिंगची बाहेरची रिंग आवळते, तेव्हा आतली थोडी मोकळीक उपयोगी पडते.

आता बोअर. पिस्टनच्या मिश्रधातूनुसार थोडा फरक पडतो, पण ७० मिमीचा ॲल्युमिनियमचा पिस्टन १०० अंश तापला की साधारण ०.१४ मिमी फुगतो, बिडाचा सिलिंडर तेवढ्याच उष्णतेला पाऊण दशांश, म्हणजे ०.०७५ च्या आसपास. उरलेला ०.०६५ फटीतून जातो. म्हणून साध्या ओतीव पिस्टनला स्कर्टपाशी (रिंगांखालच्या भागापाशी) ०.०६ ते ०.०८ मिमी मोकळीक देतात, टर्नरच्या भाषेत अडीच-तीन थाऊ (इंचाचे हजारावे भाग). फोर्ज्ड (घडीव) पिस्टन मजबूत, पण त्याच्या धातूत बहुधा सिलिकॉन कमी असतो, तो जास्त फुगतो. त्याला पिस्टनबरोबर आलेल्या कागदावरचं माप द्यायचं, बहुधा ते ०.०९ च्या पुढेच असतं. जुन्या सवयीनं ‘टाइट बसव, आपोआप मोकळा होईल’ असं टर्नरला सांगितलं तर पहिल्याच चढावर पिस्टन पकडतो. पकडल्याच्या खुणाही बोलतात. स्कर्टवर चार कोपऱ्यांत ओरखडे असतील तर मोकळीक कमी पडली किंवा थंड इंजिन एकदम ताणलं. फक्त एक्झॉस्टच्या बाजूला असतील तर मिश्रण किंवा टायमिंग तपासावं.

आधी पिस्टन विकत घ्यायचा, मग त्याच्या मापाने बोअर करायचा. उलटं केलं की फसगत ठरलेली. आणि ओव्हरसाइजने ताकद वाढते हा गैरसमज एकदाचा काढून टाकू: ७० चा ७१ केला तर ३४६ चे ३५६ सीसी होतात, तीन टक्केही नाहीत. बोअर वाढवतात तो गोलाई परत आणायला.

होनिंगच्या (सिलिंडर आतून दगडाने घासण्याच्या) रेघा एकमेकींना ४५ ते ६० अंशांत छेदल्या पाहिजेत, म्हणजे ऑइल त्यांत टिकतं आणि रिंगा बसतात. त्यानंतरची धुणी हा सगळ्यांत दुर्लक्षित टप्पा. पेट्रोलने होनिंगची धूळ निघत नाही, ती रेघांत आणखी खोल बसते. गरम पाणी, साबण आणि ब्रश. मग पांढरं फडकं ऑइलमध्ये भिजवून आतून फिरवायचं, ते करडं निघतंय तोवर धुणं संपलेलं नाही. धुतल्यावर लगेच ऑइलचा हात द्यायचा, बीड मिनिटांत गंजतं.

रिंगची टोकांमधली फट बोअरच्या दर मिलिमीटरला ०.००४ मिमी, म्हणजे ७० ला ०.२८. जोरात पळवायच्या, हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला ०.३२ ते ०.३५ द्यावी. रिंग सिलिंडरमध्ये ठेवून पिस्टनच्या माथ्याने खाली ढकलायची, म्हणजे ती काटकोनात बसते, आणि मग फिलर गेज घालायचा. कमी असेल तर एकच टोक कानशीने घासायचं, बाहेरून आत, नाहीतर कडेचा मुलामा उडतो. फट थोडी जास्त झाली तर किंचित गळेल, एवढंच. कमी राहिली तर तापल्यावर टोकं भिडतात, रिंगला पसरायला जागा उरत नाही आणि ती सिलिंडर खरवडते. दोन चुकांतली एक स्वस्तातली आहे.

कॉम्प्रेशन रेशोबद्दल, म्हणजे मिश्रण किती पट दाबलं जातं याबद्दल, जितकी भक्ती आहे तितका आकडा मोठा नाही. ७.२५ चा रेशो ८.५ केला तर आदर्श चक्राच्या गणिताप्रमाणे कार्यक्षमता सुमारे ५ टक्क्यांनी वाढते. १८ चे १९ सुद्धा होत नाहीत. तरी तो वाढवायचा, कारण पुढे कॅम बदलला की तो लागतो. हिशेब असा: रेशोतून १ वजा करून क्षमतेला भागायचं. ३४६ ला ६.२५ ने भागलं की ज्वलनकक्ष ५५ सीसीचा निघतो, ७.५ ने भागलं की ४६ चा. म्हणजे ९ सीसी जागा कमी करायची. ७० मिमीच्या वर्तुळावर ती उंचीत २.४ मिमी होते. बॅरलच्या तळाचं एवढं फेसिंग करता येतं, पण मग पुशरॉड तेवढेच लांब ठरतात, रॉकरचा कोन बिघडतो आणि व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतात. थोडं फेसिंग आणि किंचित उंच माथ्याचा पिस्टन असा मेळ बरा. फार उंच घुमटाचा पिस्टन मात्र नको. ज्वाळेला डोंगर ओलांडून जावं लागतं, जळण रेंगाळतं, आणि रेशोने दिलेलं टायमिंग खाऊन टाकतं. दोन व्हॉल्व्हच्या, हवेवर थंड होणाऱ्या जुन्या हेडला माझ्या मते ८.५ च्या आसपास थांबावं.

हा आकडा अंदाजाने सांगायचा नसतो. इंजिन जोडून, पिस्टन टीडीसीला ठेवून, प्लगचं भोक सगळ्यांत वर येईल असं तिरपं करून ब्युरेटने पातळ ऑइल सोडायचं. भोकाच्या काठापर्यंत भरलं की १४ मिमी प्लगच्या अर्धा इंच आट्यांचे सुमारे २ सीसी वजा करायचे. ते विसरलात तर ८.५ समजून ज्याचा अभिमान धरायचा, ते प्रत्यक्षात आणखी वर असेल. ४६ सीसीत २ ची चूक म्हणजे रेशोत ०.३ चा फरक.

हेडमध्ये खरी ताकद आहे आणि सगळ्यांत जास्त नासधूसही तिथंच होते. पोर्ट, म्हणजे हेडमधली हवेची वाट, मोठा केला की हवा जास्त जाईल हे नळाचं गणित झालं. इंजिनात हवा धक्क्याधक्क्याने जाते, तिच्या वेगावरच सिलिंडर शेवटच्या क्षणी भरतो. पोर्ट रुंद केला की तो वेग मरतो, खालच्या आरपीएमला गाडी ढिम्म होते. म्हणून व्यासाला हात न लावता आकार सुधारायचा. गाईडचा पोर्टमध्ये आलेला जाड खांदा निमुळता करायचा, सीटच्या खालची धार गोल करायची, कार्ब्युरेटर, इन्सुलेटर आणि हेड यांच्या सांध्यातल्या पायऱ्या घालवायच्या. आतल्या वळणाच्या लहान बाजूला फार घासू नये, हवा तिथंच पृष्ठभाग सोडते. इनटेक आरशासारखा चकचकीत करायची गरज नसते, ८० ते १२० नंबरच्या पेपरचा पोत पुरतो.

व्हॉल्व्ह सीट तीन कोनांत कापून घ्यावी: ३०, ४५, ६०. प्रत्यक्ष टेकणारी ४५ अंशांची पट्टी इनटेकला १ ते १.२ मिमी, एक्झॉस्टला दीड. एक्झॉस्टची पट्टी अरुंद केली तर प्रवाह किंचित सुधारेल, पण त्या व्हॉल्व्हची उष्णता सीटमधूनच हेडला जाते. वाट अरुंद झाली की व्हॉल्व्ह जळतो. सीट कापायच्या आधी गाईड बदलायचा, कारण कटर गाईडमध्येच उभा राहतो. दांडीची मोकळीक इनटेकला ०.०३ ते ०.०५, एक्झॉस्टला ०.०५ ते ०.०७. घासून झालं की पोर्टमध्ये रॉकेल ओतून दहा मिनिटं थांबायचं. सीटवर ओल दिसली तर पुन्हा पेस्ट.

कॅमकडे येऊ. व्हॉल्व्ह त्याच्या व्यासाच्या पाव भागाइतका उचलला की भोवतीची झालर व्हॉल्व्हच्या तोंडाएवढी होते, त्यापुढे उचल वाढवण्याचा फायदा झपाट्याने घटतो. मग खेळ उरतो तो किती वेळ उघडा ठेवायचा याचा. इथं कॅम आणि कॉम्प्रेशन एकमेकांना बांधलेले आहेत. पिस्टन खालून परत फिरल्यावर ६० अंशांनी इनटेक बंद झाला तर ९० पैकी साधारण ७२ मिमी स्ट्रोकच दाबायला उरतो. ७.२५ चं इंजिन प्रत्यक्षात ६ वर चालतं. त्यात ७० अंशांना बंद होणारा ‘हॉट’ कॅम घातला तर ६६ मिमी उरतात आणि आकडा ५.६ वर घसरतो. किक हलकी लागते, आयडलला आवाज रुबाबदार येतो आणि चढावर गाडी मागच्या पिढीची वाटते. तोच कॅम ८.५ च्या रेशोबरोबर ६.५ देतो. एकटा कॅम बदलणाऱ्यांची निराशा इथून येते.

कॅमच्या खुणा जुळवल्या म्हणजे टायमिंग जुळलं असं मानू नये, घासलेल्या गिअरात दोन-चार अंश सहज हरवतात. क्रँकला डिग्री व्हील (अंशांच्या खुणांची चकती) लावायचं. टीडीसी नजरेने शोधू नये, कारण माथ्याशी पिस्टन बराच वेळ थबकल्यासारखा असतो. प्लगच्या भोकातून स्टॉपर घालून दोन्ही दिशांनी पिस्टन अलगद टेकवायचा, दोन आकड्यांचा मध्य म्हणजे टीडीसी. मग व्हॉल्व्ह १ मिमी उचललेला असताना उघडण्या-मिटण्याचे अंश वहीत घ्यायचे.

पक्की जोडणी करण्याआधी एक कोरडी जोडणी. पिस्टनच्या माथ्यावर मुलांच्या खेळण्यातला क्ले थापायचा, वर ऑइलचं बोट फिरवायचं, हेड आवळायचं, हाताने दोन फेरे द्यायचे आणि उघडून क्ले कापायचा. इनटेकखाली किमान दीड मिमी, एक्झॉस्टखाली २ मिमी जाडी उरायला हवी. एक्झॉस्टला जास्त, कारण वर येणारा पिस्टन त्याचा पाठलाग करत असतो आणि स्प्रिंग दमली की तो मागे पडतो. स्प्रिंगही पाहायची: पूर्ण उचलीला वेटोळी एकमेकांना टेकता कामा नयेत, सगळी मिळून निदान १ मिमी शिल्लक हवी. नव्या कॅमचे भरडलेले टॅपेट आणि वाकलेले पुशरॉड बहुतेक इथल्या आळसाचे असतात.

टू-स्ट्रोकवाल्यांनी यातला व्हॉल्व्हचा सगळा भाग सोडून द्यावा. त्यांचा कॅम म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतली भोकं आणि सायलेन्सरचा आकार, आणि तिथं अर्धा मिलिमीटर घासलेला परत लावता येत नाही.

ब्रीदरकडे कुणी पाहत नाही. पिस्टन खाली येताना ३४६ सीसी हवा क्रँककेसमध्ये ढकलतो. तिला एकेरी वाट मिळाली नाही की ऑइल प्रत्येक सांध्यातून बाहेर येतं आणि दोष पॅकिंगला लागतो.

इग्निशनचा नियम उलटा वाटतो: इंजिन चांगलं जाळायला लागलं की ठिणगी कमी आगाऊ लागते. जुन्या खोल घुमटाच्या हेडला ३० ते ३६ अंश लागत, कारण जळायला वेळ जाई. रेशो वाढवल्यावर २-३ अंश मागे येऊन सुरुवात करावी आणि टायमिंग लाइटने पूर्ण ॲडव्हान्सवर तपासावं. चढावर खालच्या आरपीएमला थ्रॉटल उघडताना काचेच्या गोट्या हलवल्यासारखी किणकिण आली की ते डेटोनेशन, म्हणजे मिश्रण आपोआप फुटणं. पिस्टनच्या कडा उंदराने कुरतडल्यासारख्या होतात ते यानेच.

कार्ब्युरेटर २४ मिमीच्या जागी २८ चा पुरतो, त्याहून मोठा दाखवायला बरा. ताकदीसाठी एका भाग पेट्रोलला साडेबारा ते तेरा भाग हवा लागते. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला तर मुळातच आठ-नऊ टक्के जास्त इंधन हवं, कारण त्याचं संतुलित मिश्रण १४.७ ऐवजी १३.५ च्या आसपास असतं. जेटच्या (कार्ब्युरेटरमध्ये इंधन मोजून सोडणाऱ्या तोटीच्या) भोकाचा व्यास ४ टक्के वाढला की क्षेत्रफळ ८ टक्के वाढतं, त्यामुळे एक-दोन नंबरांचाच प्रश्न असतो. तपासायचं ते नव्या प्लगवर: पूर्ण थ्रॉटलला थोडं अंतर पळवून, क्लच दाबून तिथंच इग्निशन बंद. प्लगचं टोक सोडून, चिनीमातीच्या मुळाशी खोल दिसणारी करडी रिंग पाहायची. तिथं पांढरंफटक असेल तर जेट लगेच वाढवा.

पहिल्यांदा सुरू केल्यावर आयडलला ठेवून कौतुक करत बसू नये. रिंगा दाबाखाली बसतात, आयडलला सिलिंडर नुसता चकचकीत होतो. ऑइलचा परतावा दिसला की गाडी बाहेर काढायची, मध्यम थ्रॉटल, थोडा चढ, मग सोडून द्यायचं, असं वीस मिनिटं. ऑइल साधं मिनरल, सिंथेटिक नंतर. पूर्ण थंड झाल्यावर हेडचे नट पुन्हा आवळायचे आणि त्यानंतर टॅपेट. क्रम चुकला तर टॅपेटचं माप फुकट.

पहिलं ऑइल शंभर किलोमीटरच्या आत काढायचं, स्वच्छ ट्रेमध्ये, जुन्या पांढऱ्या कापडातून गाळून. रुपेरी चमक रिंगांची आणि पिस्टनची, ती असणारच. सोनेरी कण दिसले तर एखादा ब्राँझचा बुश घासतोय, पुढच्या ऑइलला पुन्हा बघावं. चुंबक फिरवून त्याला लांबट पोलादी कुसळं चिकटली, तर नवं ऑइल भरायचं नाही, किक मारायची नाही. इंजिन उतरवून पुन्हा टेबलावर.